भुशाची उशी आणि हाडांच्या काड्या

सूत ताठ राहिल्यावांचून विणकाम होत नाहीं. मागावर हा ताण मागाचीं लाकडें देतात. हातावरच्या कामांत तो वजनानें द्यावा लागतो. सोलापूर जिल्ह्यांत वेळापूर, माळशिरस, सांगोला या बाजूच्या माळरानांवर मेंढ्यांच्या मागून चालणारा धनगर हातांतल्या टकळीवर लोकर कांतीत जात असे, हें दृश्य कांहीं पिढ्यांपूर्वीं नित्याचें होतें. त्याच्या बोटांखालीं लोंबणारी ती टकळी दोन कामें एकाच वेळीं करी. फिरतां फिरतां ती लोकरीला पीळ देई, आणि आपल्याच भारानें नवा धागा ताठ ठेवी. अशी टकळी बाजारांतूनच आणली पाहिजे असें नसे. एक सरळ काडी आणि तिच्या टोंकाशीं कांहीं तरी जड, एवढें जमलें कीं साधन तयार झालें.

एका धाग्याला एक काडी, हा झाला धनगराचा हिशेब. आतां अशा चाळीस-पन्नास धाग्यांना चाळीस-पन्नास काड्या लावल्या, आणि त्या सर्व एका उशीवरून खालीं सोडून दिल्या, तर काय होईल? या प्रश्नाचें उत्तर सोळाव्या शतकांत युरोपांतील बायकांनीं दिलें, आणि त्या उत्तराचें नांव बॉबिनवरची लेस. राजे-राण्यांच्या गळपट्ट्यांवर आणि धर्मगुरूंच्या झग्यांवर जी झिरझिरीत जाळी जुन्या चित्रांत दिसते, तिच्यापैकीं पुष्कळशी अशा काड्यांनीं विणलेली आहे. ज्या हातांनीं ती विणली, ते हात मात्र बहुधा कोळ्यांच्या, खाणकामगारांच्या आणि शेतमजुरांच्या घरांतले होते. इतकी उंची वस्तु इतक्या गरीब घरांत निर्माण कशी झाली, आणि ती निर्माण करूनहि तें घर गरीबच कां राहिलें, हे दोन प्रश्न या कलेच्या इतिहासांत एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांची उकल साधनांकडे नीट पाहिलें असतां होते.

आपल्याकडील घरांत लेस म्हटली कीं क्रोशा आठवतो. क्रोशाच्या कामांत एक आंकडी आणि एकच दोरा असतो. दोऱ्याचे वेढे एकमेकांत ओढून जाळी वाढवीत न्यावयाची असते. लेसची दुसरी जात सुईची; तींत सुईनें टांके घालून जाळी उभारतात. बॉबिनवरची लेस या दोहोंहून निराळी आहे. तिला सुई नाहीं, आंकडी नाहीं. ती वस्तुतः वेणीची बहीण आहे. दोन जोड्या, म्हणजे चार दोरे, हातीं घ्यावयाचे. मधल्या दोन दोऱ्यांपैकीं डावा दोरा उजव्यावरून टाकावयाचा, ही पहिली हालचाल. नंतर प्रत्येक जोडींतला उजवा दोरा डाव्यावरून टाकावयाचा, ही दुसरी. दाट कापड, विरळ जाळी, कोळ्याच्या जाळ्यासारखीं नक्षीचीं वर्तुळें, सगळें याच दोन हालचालींच्या कमी-अधिक मिश्रणानें होतें. गोंव्यांत शिगम्याच्या दिवसांत गोफ खेळतात, तो ज्यांनीं पाहिला असेल त्यांना ही गोष्ट चटकन् समजेल. वरून रंगीत दोऱ्या सोडलेल्या असतात. प्रत्येक गड्याच्या हातीं एक दोरी असते. गडी एकमेकांना डावी-उजवी घालीत नाचतात आणि वर गोफ विणला जातो. पावलें उलट टाकलीं कीं तोच गोफ उलगडतो. त्या खेळांतील प्रत्येक गडी म्हणजे एक बॉबिन होय.

मात्र गोफाची वेणी एकाच ठिकाणीं घट्ट होत जाते. लेसला हवी असतात मोकळीं भोकें, आणि तींहि ठरलेल्या जागीं. म्हणून उशी आणि टांचण्या लागतात. जाड कागदावर किंवा कातड्यावर नक्षीचे ठिपके टोंचून एक खाका तयार करतात. हा खाका उशीवर बसवावयाचा, आणि दोन जोड्यांची गांठभेट झाली कीं ठिपक्याच्या भोकांत टांचणी रोंवून ती भेट तेथेंच थांबवावयाची. पुढलें विणकाम टांचणीच्या आधारानें चालतें. कांहीं ओळी झाल्यावर मागल्या टांचण्या काढून पुढें आणावयाच्या. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या गृहिणीला यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. तेथें ठिपक्यांभोंवतीं रेषा फिरते, येथें दोरा फिरतो; एवढाच काय तो फरक.

ही कला नेमकी कोणी शोधून काढली हें सांगण्यांत अर्थ नाहीं, कारण वेणी घालणें कोणीं शोधलें हें सांगतां येत नाहीं. पण ती पसरली कशी याचा एक विश्वसनीय दाखला आहे. १५६१ च्या सुमारास स्वित्झर्लंडांतील झूरिक शहरीं फ्रोशाउएर या मुद्रकानें लेसच्या नमुन्यांचें एक पुस्तक छापलें. तें लिहिणारी बाई स्वतः लेस शिकविणारी होती. तिनें आपल्या नांवाचीं दोन आद्याक्षरेंच दिलीं आहेत. व्हेनिस व इटली येथील व्यापाऱ्यांनीं १५३६ मध्यें ही कला झूरिकला आणली, असें ती सांगते. म्हणजे पंचवीस वर्षांत परदेशची एक नवलाई शिकविण्याजोगा, पोट भरण्याजोगा धंदा होऊन बसली होती. इतक्या झपाट्यानें कलेचा प्रसार होण्याचें कारण उघड आहे. मागासाठीं सुतार लागतो, जागा लागते, भांडवल लागतें. या कामासाठीं मांडीवर मावेल एवढी उशी आणि मूठभर काड्या पुरत. आणि या दोन्ही वस्तु घरच्या घरीं होत.

काडीकडून अपेक्षा तरी किती असाव्यात? तिला दोरा गुंडाळावयाला बारीक मान पाहिजे. मानेच्या वर डोकें पाहिजे, म्हणजे दोऱ्याचा फांस तेथें अडकून तो आपोआप सुटणार नाहीं. खालीं थोडा भार पाहिजे. अंग गुळगुळीत पाहिजे. आणि सगळ्या काड्यांचें वजन जवळजवळ सारखें पाहिजे. एवढें असलें म्हणजे ती कशाचीहि चालते. इंग्लंडांत आरंभीं या लेसला ‘हाडांची लेस’ असें नांव होतें, आणि जनावरांच्या हाडांचीं बॉबिनें तेथें पुढें एकोणिसाव्या शतकापर्यंत होत राहिलीं. पितळेच्या टांचण्या महाग होत्या त्या काळीं डेव्हनच्या किनाऱ्यावरील कोळिणी माशांचे कांटे टांचण्यांसारखे वापरीत, असें परंपरेनें सांगण्यांत येतें. पोर्तुगालांत तर जेथें मासेमारीचीं जाळीं तेथें लेसची जाळी, अशी म्हणच रूढ आहे.

पोर्तुगीज भाषेंत बॉबिनला ‘बिल्रो’ म्हणतात. हा शब्द आणि ही कला समुद्र ओलांडून गेली, तेव्हां साधनांनीं प्रत्येक किनाऱ्यावर नवा वेष घेतला. ब्राझीलच्या ईशान्येकडील सेआरा प्रांतांत ताडाच्या जातीच्या झाडांचीं कठीण फळें काडीच्या टोंकांना बसवून बिल्रो करीत. टांचण्यांच्या जागीं मांडाकारू नांवाच्या निवडुंगाचे लांब कांटे रोंवीत. आणि उशींत केळीचीं वाळलेलीं पानें ठांसून भरीत. सिंहलद्वीपांत गॉल व वेलिगामा या बाजूच्या बायका जी लेस विणतात तिचें नांव ‘बीरलु’. हें त्या बिल्रोचेंच सिंहली रूप. तेथील उशी म्हणजे चौकटींत बसविलेला गोल लोड. काम पुढें सरकलें कीं लोड फिरवावयाचा, म्हणजे फितीला शेवट कसा तो राहत नाहीं. भूमध्य समुद्रांतील माल्टा बेटावर उशी लांब व अरुंद करून ती उभी टेकवितात. एकच कला, पण ज्या घरांत जें विपुल, त्याचेंच तिनें साधन केलें.

साधनांच्या या भेदांत निव्वळ लहर नव्हती. इंग्लंडच्या बेडफर्ड व बकिंगहॅम परगण्यांत काडीच्या खालच्या टोंकाला तारेंत ओंवलेल्या कांचमण्यांचें कडें अडकवीत. त्या मण्यांनीं भार वाढे, आणि कडें आडवें येऊन काडी उशीवरून घरंगळत नसे. डेव्हनमधील होनिटन लेस सुटे सुटे तुकडे विणून मग जोडावयाची असे. म्हणून तेथील काडी मण्यांवांचून, बारीक व अणकुचीदार केली जाई, म्हणजे ती वेढ्यांतून सहज आरपार जाई. जर्मनींतील खाणींच्या डोंगराळ मुलखांत गुंडाळलेल्या दोऱ्यावर लांकडाची पोकळ नळी बसवीत, म्हणजे हातांच्या मळानें दोरा काळवंडत नसे. हे सर्व शोध कोणा विद्वानानें लावलेले नाहींत. रोज दहा-बारा तास काम करणाऱ्या बाईला जी अडचण टोंचली, तिचा तिनें केलेला हा बंदोबस्त होता.

उशीचेंहि असेंच. निजावयाच्या उशीसारखी ती मऊ असून चालत नाहीं. कापूस भरलेल्या उशींत टांचणी डगमगते, आणि टांचणी डगमगली कीं नक्षी बिघडते. गवताचा बारीक चुरा, पेंढा किंवा लांकडाचा भुसा कुटून कुटून दगडासारखा घट्ट भरला पाहिजे. रात्रीच्या उजेडाची अडचण तर याहून मोठी होती; कारण मेणबत्ती महाग आणि दोरा केंसासारखा. त्यावर तोडगा असा निघाला कीं, मध्यें एक मेणबत्ती ठेवावयाची आणि तिच्याभोंवतीं पाण्यानें भरलेले कांचेचे गोल चंबू मांडावयाचे. चंबूंतील पाणी भिंगाचें काम करी व उजेडाचा एकेक ठिपका एकेकीच्या उशीवर नेमका पडे. एका मेणबत्तीच्या प्रकाशांत अनेक जणी काम करीत. पायांशीं ऊब हवी तर शेगडीऐवजीं निखाऱ्यांचें मडकें. कारण धुरानें लेस काळी पडे.

येथवरचा इतिहास कल्पकतेचा व स्वावलंबनाचा आहे. यापुढचा मात्र तसा नाहीं. उशी बाईची, काड्या बाईच्या, कौशल्य बाईचें. पण दोन गोष्टी तिच्या नव्हत्या. एक म्हणजे दोरा, व दुसरी म्हणजे खाका. लेसला लागणारा तागाचा अतिशय तलम दोरा गांवांत होत नसे. तो व्यापारी आणून देई. नक्षीचा खाकाहि बहुधा त्याचाच असे. दोरा त्याच्याकडून घ्यावयाचा, त्याच्या खाक्यावर विणावयाचें, आणि तयार माल त्यालाच विकावयाचा, अशी ही सांखळी होती. जर्मनीच्या ॲनाबर्ग गांवीं सोळाव्या शतकांत बार्बारा उटमान नांवाची एक कर्तबगार विधवा या धंद्यांत पुढें आली. तिच्यासाठीं शेंकडों बायका विणीत. धंदा एका स्त्रीच्या हातीं होता म्हणून सांखळी बदलली असें मात्र नव्हे. इंग्लंडांत व्यापारी मजुरीचे पैसे न देतां त्याऐवजीं दुकानांतला माल बायकांच्या पदरांत टाकीत. ही लुबाडणूक इतकी वाढली कीं, लेसवाल्यांची मजुरी रोख नाण्यांतच दिली पाहिजे असा कायदा पार्लमेंटला १७७९ मध्यें करावा लागला. पांच-सहा वर्षांच्या मुलींना लेसच्या शाळांत बसवीत. तेथें अक्षरें थोडीं आणि टांचण्या फार. किती टांचण्या रोंवल्या हें गात गात मोजण्याचीं गाणीं असत, आणि त्यांच्या ठेक्यावर तीं लहान बोटें पळविलीं जात.

खाक्याची मालकी म्हणजे काय, याचें एक बोलकें उदाहरण आहे. १८४० मध्यें राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला, तेव्हां तिच्या पोषाखाची होनिटन लेस डेव्हनमधील बीअर या कोळ्यांच्या खेड्यांत व त्याच्या आसपास सुमारें दोनशें बायकांनीं विणली. धंद्याला उतरती कळा लागली होती. राणीच्या या मागणीनें त्याला मोठा आधार मिळाला, यांत शंका नाहीं. पण काम पुरें झाल्यावर ते नमुने नष्ट करण्यांत आले, म्हणजे तशी लेस दुसऱ्या कोणाच्या अंगावर दिसूं नये. ज्या बोटांना ती नक्षी पाठ झाली होती, त्या बोटांचा तिच्यावर हक्क नव्हता.

धंद्याच्या उतरत्या कळेचें कारण यंत्र. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिरानें १८०८ व १८०९ मध्यें लेसच्या जाळीच्या यंत्राचीं पेटंटें घेतलीं. विणणाऱ्या बायकांचे हात बारकाईनें पाहूनच त्यानें तें यंत्र रचलें. त्यांत काडीच्या जागीं पितळेच्या पातळ चकत्या आल्या. १८१६ मध्यें लफबरो येथील त्याच्या कारखान्यांतील पन्नासांहून अधिक यंत्रें यंत्रविरोधी कामगारांनीं एका रात्रींत फोडलीं. पण त्यानें डेव्हनमधील टिव्हर्टनला जाऊन नवा कारखाना उभारला. यंत्राची जाळी स्वस्त झाली आणि हातच्या जाळीची किंमत कोसळली. काडी घरीं करतां येते. पण बाजार कांहीं घरीं करतां येत नाहीं.

दोऱ्याची परवशता किती असते, हें पहिल्या महायुद्धांत बेल्जमनें अनुभविलें. बेल्जमच्या खेड्यापाड्यांत हजारों बायका लेसवर पोट भरीत. १९१४ मध्यें जर्मन सैन्य देशांत शिरलें, आणि दोस्तांच्या नाकेबंदीमुळें परदेशचा दोरा बंद झाला. उशा होत्या, काड्या होत्या, कौशल्यहि होतें. पण दोऱ्यावांचून सर्व निरर्थक. शेवटीं अन्नपुरवठ्यासाठीं स्थापन झालेल्या अमेरिकन मदत-मंडळानें दोन्ही बाजूंशीं बोलणें करून दोरा आंत नेण्याची व तयार लेस बाहेर आणण्याची सोय केली, तेव्हां कुठें उशीवर पुन्हां काड्या वाजूं लागल्या.

हिंदुस्थानांत ही कला रुजली ती दक्षिणेच्या टोंकाला. लंडन मिशनचे चार्ल्स मॉल्ट व त्यांची पत्नी मार्था हीं १८१९ च्या अखेरीस त्रावणकोर संस्थानांतील नागरकोइल येथें आलीं. मार्थाबाईंनीं मुलींची शाळा चालविली, आणि तींत उशी व बॉबिन यांवरची लेस शिकविली. त्या काळीं त्या संस्थानांत गुलामगिरी चालू होती. कांहीं जातींच्या माणसांची खरेदी-विक्री होई, आणि त्यांच्याहून जरा वरच्या गणलेल्या जातींतल्या स्त्रियांनाहि छातीवर वस्त्र घेण्याची मुभा नव्हती. अशा समाजांत एखाद्या मुलीच्या हातीं स्वतःच्या मिळकतीचे चार पैसे पडणें ही लहान गोष्ट नव्हे. लेसच्या मजुरीवर कांहीं गुलाम मुलींनीं आपलें स्वातंत्र्य विकत घेतलें, असें मिशनच्या इतिहासांत नमूद आहे. त्रावणकोरांत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १८५५ मध्यें, आणि वस्त्राच्या हक्कासाठीं झगडणाऱ्या नाडर स्त्रियांना ती मुभा जाहीरनाम्यानें मिळाली ती १८५९ मध्यें. म्हणजे सरकारी हुकुमाच्या आधीं कित्येक वर्षें उशीवरच्या काड्यांनीं कांहीं जणींच्या बेड्या तोडल्या होत्या.

मार्थाबाईंची कन्या एलायझा हिचा विवाह १८४४ मध्यें द्राविडी भाषांचे प्रसिद्ध पंडित रॉबर्ट काल्डवेल यांच्याशीं झाला, आणि तिच्याबरोबर ही कला तिनेवेल्ली जिल्ह्यांत इडैयनगुडीला पोंचली. १८९७ मध्यें बेल्जमची एक जोगीण, मेरी लुईझ दे मेस्टर, कन्याकुमारीजवळच्या मुळगुमूडु गांवीं आली. तिच्या मठाच्या आश्रयानें तेथील लेसहि नांवारूपाला आली. या सर्व ठिकाणीं मिळकत खरी, शिक्षण खरें, आणि मुलींना लाभलेला धीरहि खरा. परंतु नमुना परदेशचा, गिऱ्हाईक परदेशचें आणि मोल ठरविणारा तिसराच. ही जुनी सांखळी येथेंहि तुटली नाहीं. गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर येथें क्रोशाच्या लेसचा धंदा वाढला. तेथील बायकांच्या स्थितीचा अभ्यास करून मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं १९८२ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, दिवसाचे कित्येक तास राबणारी बाई कामगार म्हणून गणलीच जात नाहीं. ती ‘घरीं बसलेली’ गृहिणी, आणि तिचें काम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असें समजलें जातें. म्हणूनच तिची मजुरी तुटपुंजी राहते.

हें वर्णन सोलापूरकरांना अपरिचित वाटूं नये. हातमागाच्या घरांत कापड पुरुषाच्या नांवावर जमा होई. धोट्यांतल्या कांड्या भरून देणारी बायको आणि पोरी यांची मजुरी निराळी कोण मांडीत असे? कांडी हें आपल्याकडील बॉबिनच आहे. माळशिरस-सांगोल्याकडील घोंगडीच्या धंद्यांतहि लोकर पिंजणें, कांतणें आणि सुताला चिंचोक्याची खळ देणें या कामांत बायकांचे हात असत. तेथें मात्र एक मोठा फरक होता. लोकर घरच्या मेंढीची, खळ गांवच्या चिंचेची, आणि घोंगडीची वीण पिढ्यान्-पिढ्या घरांत चालत आलेली. म्हणून घोंगडीवाला गरीब असला तरी दोऱ्यासाठीं कोणाच्या दारीं तिष्ठत बसत नसे.

महाराष्ट्रांत बॉबिनच्या लेसचा प्रघात पडला नाहीं. येथील घरांत क्रोशाच रमला. तरी कोणाला हौस झाली, तर वेळापुरासारख्या गांवीं साधनांवांचून अडणार नाहीं. बांबूच्या चार इंची कामट्या काढाव्यात, त्या काचकागदानें गुळगुळीत कराव्यात, आणि वरच्या टोंकाखालीं चाकूनें गोल खांच पाडून मान करावी. खालीं भार म्हणून भोंक पाडलेला चिंचोका किंवा कांचेचा मणी तारेनें बांधावा. बारा जोड्या, म्हणजे चोवीस काड्या, साध्या किनारीला पुरतात. उशीसाठीं जाड मांजरपाटाची हातभर रुंद गोल पिशवी शिवून तींत लांकडाच्या वखारींतील भुसा कुटून भरावा. अर्धा इंच रोंवलेली टांचणी न हलतां उभी राहिली म्हणजे उशी उतरली असें समजावें. वर गडद निळ्या कापडाचा अभरा घालावा. त्यावर पांढरा दोरा स्पष्ट दिसतो व डोळ्यांना शीण होत नाहीं. जाड दोऱ्याला बाभळीचा सरळ कांटाहि टांचणीचें काम देईल. बारीक दोऱ्याला मात्र खरी टांचणीच पाहिजे. खाक्यासाठीं चौकटींचा आंखीव कागद पुठ्ठ्यावर चिकटवून त्यावर तिरप्या ओळींत ठिपके टोंचावेत.

एवढ्या साधनांनीं एका दुपारीं काम सुरू करतां येतें. सेआराच्या कोळिणीनें निवडुंगाच्या कांट्यानें जें केलें, तेंच हें आहे. परंतु इतिहासाचा धडा येथेंच संपत नाहीं. स्लोव्हेनियांत इद्रिया हें पाऱ्याच्या खाणीचें गांव आहे. तेथील खाणकामगारांच्या बायका पिढ्यान्-पिढ्या लेस विणीत आल्या. १८७६ मध्यें तेथें लेसची शाळा निघाली, ती अद्याप चालू आहे. आणि २०१८ मध्यें स्लोव्हेनियांतील या कलेला संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. खाण बंद पडली, पण उशी राहिली. याचें श्रेय काड्यांना जितकें, तितकेंच शाळेलाहि आहे. कारण शाळेमुळें विद्या एका व्यापाऱ्याच्या पेटींत न राहतां गांवाची होते.

गरिबाच्या घरांत साधन निर्माण होतें, कारण त्याला वाट पाहणें परवडत नाहीं. हाड, कांटा, फळ, बांबू, भुसा, जें हातीं येईल त्याला तो कामाला लावतो. हें कौतुक करण्यासारखें खरेंच. पण कौतुकावर थांबणें बरोबर नाहीं. चार शतकांत लेसवाल्या बायकांना काड्यांची वाण कधींच पडली नाहीं. वाण पडली ती स्वतःच्या दोऱ्याची, स्वतःच्या खाक्याची आणि आपल्या मालाचें मोल आपण सांगण्याच्या अधिकाराची. मुलींना हस्तकला शिकविणाऱ्या शाळांनीं आणि महिलामंडळांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. उशी कशी भरावी हें मुलगी पाहून पाहून शिकेल. तिला कागद आणि पेन्सिल देऊन खाका आंखावयाला शिकवावें, दोऱ्याचा व वेळाचा हिशेब मांडावयाला शिकवावें, आणि झालेल्या कामाची किंमत तिच्या तोंडून वदवावी. नागरकोइलच्या ज्या मुलींनीं आपली सुटका विकत घेतली, त्यांच्या हातीं मजुरीचे रोख पैसे पडले होते म्हणूनच त्या ती घेऊं शकल्या.